देशी मांगूरचं बीज: बारकोडवर किती भिस्त ठेवावी?

'देशी मांगूर' म्हणून घेतलेल्या बोटुकलीतला (बोटाएवढ्या पिल्लांतला) एक मासा सीओआय बारकोडिंगला, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा वाचून जात ओळखण्याच्या चाचणीला, पाठवला तर त्यात आफ्रिकन मांगूर मिसळलेला नाही याची खात्री होईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही होणार. एका माशावरून अख्ख्या खेपेचं कळत नाही, आणि वीस पाठवले तरी संकराचा प्रश्न उरतोच.

सीओआय हे पेशीतल्या मायटोकाँड्रिया या घटकातलं जनुक, ते फक्त आईकडून येतं. देशी मादी आणि आफ्रिकन नर यांचं पिल्लू असेल तर त्याचा साधारण ६५० डीएनए-अक्षरांचा क्रम निखळ देशीच दिसतो. ही नुसती शंका नाही. थायलंडच्या तळ्यांत सर्रास वाढवला जाणारा मांगूर म्हणजे क्लॅरियस मॅक्रोसेफॅलसची मादी आणि क्लॅरियस गॅरिपायनसचा, म्हणजे आफ्रिकन मांगूरचा, नर यांचा संकर. त्याच्या बारकोडमध्ये बापाचा मागमूसही नसतो. म्हणून प्रयोगशाळेला पेशीच्या केंद्रकातलं, आई-बाप दोघांकडून येणारं, एखादं जनुकही वाचायला सांगा. ज्या जागी दोन जातींची अक्षरं वेगळी, तिथे संकराच्या आलेखात एकावर एक दोन शिखरं दिसतात. तो आलेख मागून घ्याच, नुसत्या निष्कर्षावर थांबू नका.

अहवालात 'क्लॅरियस बॅट्राकस, ९९ टक्के' असं आलं तर घाबरू नका. भारतातल्या मांगूरला आपण वर्षानुवर्षं तेच नाव देत आलो. २००८ मध्ये एनजी आणि कोटेलाट या मत्स्यशास्त्रज्ञांनी खरा बॅट्राकस जावाचा असल्याचं पक्कं केलं. आपला तो क्लॅरियस मॅगूर. जेनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात, जुन्या नावाच्या नोंदी अजून आहेत, तेव्हा जुळलेला नमुना कुठल्या देशात पकडलेला होता ते बघा.

नमुन्यासाठी शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा पुरतो. तो ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये मुळीच नको, त्यात डीएनए खराब होतो. प्रत्येक माशाची कुपी वेगळी, दर वेळी कात्री पुसून ज्योतीवरून फिरवलेली, आणि कुपीच्या क्रमांकासह माशाचा फोटो.

आफ्रिकन मांगूरवर २००० पासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो नष्ट करायला सांगितलंय. मोठा झाल्यावर सापडला तर सगळं तळं रिकामं करावं लागेल. अहवाल येईपर्यंत बीज सिमेंटच्या टाकीतच ठेवा आणि वरून जाळी घट्ट बांधा. हा मासा हवेतून श्वास घेतो, पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत ओढा गाठतो.