ड्रायव्हरचा स्लाइस जात नाही, जवळचे पटही (होलकडे घरंगळवायचे फटके) हुकतात. दहा हजारांत गोल्फची कोणती ट्रेनिंग एड्स घ्यावीत?

हँडिकॅप 24 (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात) आणि सराव बहुतेक मॅटवर, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून सांगतो, म्हणजे ड्रायव्हरने, लांब फटक्याच्या क्लबने, मारलेला चेंडू हवेत उजवीकडे वळतो, तोच स्लाइस. दहा हजार लागणार नाहीत, दोनातही भागेल. एड निवडताना एवढंच बघा: प्रत्येक चेंडूनंतर फटका चुकला की बरोबर आला हे ते सांगतं का? नुसतं ‘स्विंग छान वाटतोय’ असं वाटायला लावणारी वस्तू महिन्याभरात माळ्यावर जाते.

काहीही घेण्याआधी स्लाइस कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. चेंडू ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, ठरवतो. पुढे तो वळतो तो फेस आणि स्विंगची दिशा यांच्यातल्या फरकामुळे. डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर स्विंग बाहेरून आत येतोय. निघतानाच उजवीकडे जाऊन आणखी वळत असेल तर फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून, राहतोय. तिसरी शक्यता बहुतेक जण तपासतच नाहीत: चेंडू फेसच्या हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, लागणं. हीलला लागताना ड्रायव्हरचं डोकं किंचित फिरतं आणि चेंडूला उलटी फिरकी देतं, त्यामुळे असा चेंडू बऱ्या स्विंगवरही उजवीकडे वळतो. औषधाच्या दुकानात पायाला मारायचा पावडर स्प्रे मिळतो, त्याचा पातळ थर फेसवर द्या आणि दहा चेंडू मारा. ठसे स्पष्ट उमटतात. स्प्रे नसेल तर चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करचा मोठा ठिपका काढा आणि तो फेसच्या बाजूला येईल असा चेंडू ठेवा.

स्विंग बाहेरून येत असेल तर चेंडूंचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. चेंडूच्या वीत-दीड वीत मागे आणि क्लबच्या टोकापासून चार बोटं बाहेर ठेवा. बाहेरून आलात की खोका उडतो, वाद घालायला जागाच उरत नाही. सुरुवात सात नंबरच्या आयर्नने (मध्यम पल्ल्याचा क्लब) अर्ध्या स्विंगवर करा. खोक्याच्या जागी लाकूड किंवा वीट ठेवू नका, मनगट जाईल. फेस उघडा राहत असेल तर साच्याची ग्रिप (मूठ) असलेलं ट्रेनर घ्या. पैसे देण्यासारखी ही एक वस्तू. बोटं कुठे बसतात ते ती हातांना शिकवते. डाव्या हाताची दोन-तीन पेरं वरून दिसली पाहिजेत.

पटिंगसाठी मात्र काहीच विकत घेऊ नका, दोन टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) पुरेत. होलचा व्यास 108 मिमी, चेंडूचा जेमतेम 43. चेंडूपासून 30 सेंमी पुढे 53 मिमी अंतर सोडून दोन टी रोवा. म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी सुटतात, साधारण एक अंशाची मुभा. त्याच एका अंशाने चेंडू 3 मीटरवर पाच सेंमीच्या थोडं वर सरकतो, आणि होलच्या मध्यापासून कडेपर्यंत 54 मिमी असतात. म्हणजे सपाट जागी त्या फटीतून स्वच्छ गेलेला तीन मीटरचा पट वेग बरा असेल तर दिशेमुळे हुकायला नको. टीला घासत असेल तर फेस बघा, ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) दोष देऊ नका. पावसाळ्यात घरी मॅटवर करायचं तर टीऐवजी दोन नाणी ठेवा. चेंडू परत पाठवणारी उताराची मॅट टाळा: चढ चढवायला जोर लावायची सवय लागते आणि खऱ्या ग्रीनवर चेंडू मीटरभर पुढे जातो.

अलाइनमेंट स्टिक (नेमाची दिशा दाखवणारी काठी) म्हणून नर्सरीत रोपांना आधाराला मिळणाऱ्या फायबरच्या काठ्या चालतात. एक चेंडूच्या पलीकडे लक्ष्याच्या रेषेत, दुसरी पायांशी तिला समांतर. पायांची काठीही झेंड्याकडे रोखलीत तर तुम्ही उजवीकडे उभे राहता आणि मग ओढून डावीकडे मारता. तुमचा तो स्लाइस पुष्कळदा इथूनच सुरू होतो.

मॅटचा एक दगा लक्षात ठेवा. चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लब तिथे घसरून पुढे येतो आणि फटका चांगला वाटतो. चेंडूमागे दहा सेंमीवर घडी केलेला टॉवेल टाका. आयर्न त्याला लागलं तर फटका फॅट, म्हणजे चेंडूआधी जमिनीला लागलेला. ड्रायव्हरसाठी हे नको.

वेग वाढवायच्या वजनदार काठ्यांना इतक्यात हात लावू नका. उघडा फेस जास्त वेगाने आला तर स्लाइसही जास्तच जाईल, शिवाय कंबर दुखेल. गच्चीवरच्या जाळीचंही तेच: चेंडू कुठे वळला असता ते दिसतच नाही, आणि सोसायटीची तक्रार निराळी.

पुण्यात येरवड्याला किंवा बावधनला गोल्फ कोर्सवर राउंड खेळताना अलाइनमेंटच्या काठ्या बॅगेत असल्या तर चालतात. पण त्या जमिनीवर ठेवून नेम धरला किंवा हातात घेऊन सरावाचा स्विंग केला, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन स्ट्रोकचा दंड. साच्याची ग्रिप लावलेला क्लब नियमात बसत नाही, तो घरी ठेवूनच या.