सांगणारा कोण?

चिरंजीव लेखिकेस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा दुसरा खर्डा आणि त्याबरोबरचे लांबलचक पत्र, दोन्ही वाचले. पहिल्या खर्ड्यात रातराणी एसटी घाटात अडकते, आकाशातून काहीतरी उतरते आणि उजाडेपर्यंत वाहक बाई आपल्या प्रवाशांना सांभाळत राहते, एवढीच गोष्ट होती आणि ती मला मनापासून आवडली होती. मग तू ती चार जणांना वाचायला दिलीस, चौघांनीही ‘पण ते आले कशाला?’ असे विचारले, आणि दुसऱ्या खर्ड्यात एक निवृत्त खगोलशास्त्रज्ञ बसमध्ये चढला. तो सलग आठ पाने बोलतो. परग्रहवासीयांचा सूर्य विझत चालला आहे, त्यांना आपले समुद्र हवे आहेत, त्यांची याने प्रकाशाकडे का वळतात, हे सगळे त्याला तोंडपाठ आहे. त्याला हे कुणी सांगितले, ते मात्र तू कुठेही लिहिलेले नाहीस.

सगळे समजावून सांगितल्याशिवाय प्रेक्षकाचे समाधान होत नाही का, असे तू विचारतेस. या प्रश्नावर लोक वर्षानुवर्षे भांडत आले आहेत, कारण तो असा विचारला की त्याला उत्तरच नसते. एकजण म्हणतो गूढ हवे, दुसरा म्हणतो खुलासा हवा, आणि दोघेही आपापल्या आवडीच्या चित्रपटांची नावे घेऊन घरी जातात. तू तो बाजूला ठेव. स्पष्टीकरणाचे प्रत्येक वाक्य लिहिताना स्वतःला एवढेच विचार की या गोष्टीत हे सांगणारा कोण आहे, आणि त्याला ते कळले कसे. पात्राला जे कळण्याची वाट आहे ते खुशाल सांग. ज्याची वाट नाही ते प्रेक्षकाने कितीही मागितले तरी सांगू नकोस.

हे मी हवेतून बोलत नाही. परग्रहवासीयांच्या स्वारीच्या साऱ्या चित्रपटांचा मूळपुरुष म्हणजे एच. जी. वेल्स यांची 1898 साली पुस्तकरूपाने आलेली मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी, ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. ती शेवटी सगळे उलगडते असे लोक समजतात, कारण मंगळवासी जिवाणूंमुळे मरतात हे सर्वांना ठाऊक असते. पण ती नीट वाच. निवेदक हा इंग्लंडमधल्या वोकिंगजवळ राहणारा एक साधा लेखक आहे आणि सारे संपल्यानंतर काही वर्षांनी तो मागे वळून लिहितो आहे; म्हणजे दरम्यान शवविच्छेदने झाली, लेख छापून आले, आणि ते त्याने वाचले असणार. लंडनमध्ये तो सुरुवातीला नसतो, तर वेल्स ती प्रकरणे त्याच्या भावावर सोपवतात, जो तिथे वैद्यकीचे शिक्षण घेत असतो. किती साधी सोय आहे बघ! पडक्या घरात अडकल्यामुळे निवेदकाला मंगळवासी अगदी जवळून पाहता येतात, आणि त्या वर्णनाच्या ओघात तो सांगून जातो की मंगळावर सूक्ष्मजंतू नव्हतेच किंवा फार पूर्वीच नाहीसे केले गेले होते. तिथून बाहेर आल्यावर मंगळावरून आलेले तांबडे तण सर्वत्र माजलेले दिसते, आणि तेही आता रोगाने कुजायला लागलेले असते. मंगळवासी मरण्याच्या आधीच त्यांची वनस्पती मरताना आपण पाहिलेली असते, म्हणूनच तो शेवट आभाळातून पडल्यासारखा वाटत नाही.

आणि जे सांगणारा कुणीच नाही, ते? ते वेल्स सांगत नाहीत. मंगळवासी ज्या उष्णताकिरणांनी सगळे जाळत सुटतात, त्यांच्या यंत्राचे कोडे शेवटपर्यंत सुटत नाही. ते सोडवायला गेलेल्या प्रयोगशाळांत भीषण अपघात झाले आणि मग कुणी त्या वाटेला गेले नाही, एवढेच निवेदक नोंदवतो. त्यांनी सोडलेल्या विषारी काळ्या धुराच्या भुकटीच्या वर्णपटात हिरव्या भागात तीन ठळक रेषा दिसल्या, त्या अर्थी त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य असावे, इथे त्याचे ज्ञान संपते. मंगळवासीयाचे एक जवळपास अखंड शव लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये मद्यार्कात ठेवलेले आहे, पण त्याचे यंत्र कसे चालायचे ते कुणालाच माहीत नाही. सव्वाशे वर्षे झाली, या अज्ञानाबद्दल तक्रार करणारा वाचक मला भेटलेला नाही.

आता त्याच कादंबरीवर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 2005 साली केलेला चित्रपट घे. त्यात यंत्रे आकाशातून पडत नाहीत, जमिनीतून वर येतात, कारण ती म्हणे फार पूर्वीच पुरून ठेवलेली होती, आणि आत बसणारे विजेबरोबर खाली उतरतात. चित्रपटगृहातून बाहेर पडताना लोक काय विचारत होते? इतकी वर्षे गटारे खणली, भुयारी रेल्वे खणली, तेव्हा एकही यंत्र कुणाच्या कुदळीला कसे लागले नाही? यंत्र जमिनीतून वर येऊन तसेच चालू लागले असते तर हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता. तो स्पष्टीकरणानेच जन्माला घातला. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी मॉर्गन फ्रीमन यांचा धीरगंभीर आवाज जिवाणूंविषयी बोलतो. तो कुणाचा आवाज आहे? कादंबरीत त्या मजकुरामागे जिवंत राहिलेला एक माणूस होता. इथे कुणीच नाही. मधला सगळा चित्रपट गोदीवर क्रेन चालवणाऱ्या एका बापाच्या डोळ्यांनी दाखवायचा, आणि शेवटी त्याला बाजूला सारून आकाशवाणी करायची, हा मला तरी दगा वाटतो. बाकी चित्रपट मला आवडतो. पहिले यंत्र रस्ता फोडून वर येते ते दृश्य तर फारच.

तुझे मित्र ज्याचे उदाहरण देतात तो एम. नाइट श्यामलन यांचा 2002 सालचा ‘साइन्स’, परग्रहवासी मक्याच्या शेतात उमटवतात त्या वर्तुळांचा. पाण्याने भाजणारे प्राणी पाण्याने भरलेल्या ग्रहावर आलेच कशाला, ही त्याच्यावरची ठरलेली टीका, आणि ती टीका चुकीच्या जागी केली जाते असे माझे ठाम मत आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघराच्या तळघरात दडून रेडिओ ऐकणाऱ्या कुटुंबाला शत्रूचे धोरण कळणार कुठून? ज्याच्या गाडीखाली नायकाची बायको सापडली होती, तो माणूस जाता जाता म्हणतो की ही वर्तुळे पाण्याजवळ कुठेच दिसत नाहीत. एवढे पुरेसे आहे, कारण सांगणारा आहे आणि त्याला ते दिसले आहे. खरी चूक वेगळीच. हेच प्राणी रात्रभर मक्याच्या शेतात उघड्या अंगाने हिंडतात आणि दवाने त्यांना काहीच होत नाही. ताऱ्यांपलीकडून आलेला प्राणी स्वयंपाकघरातल्या कोठीत कोंडला जातो आणि त्याला दार उघडता येत नाही. हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पडद्यावर दाखवलेला नियम मोडला की प्रेक्षकाचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेला माणूस ‘हे का दाखवले?’ असे विचारत नाही, ‘ते आले कशाला?’ असे विचारतो. कळ एका दाताची आणि बोट दुसऱ्यावर, असा तो प्रकार असतो. त्याने बोट ठेवले तोच दात तू उपटलास.

माझेही असेच दिवस होते. कोकणातल्या एका बंदरावर रात्री परक्या नौका लागतात, अशी टेलिफिल्म मी एका वाहिनीसाठी लिहिली होती. सारे काही दीपगृहाच्या रखवालदाराला दिसते तेवढेच होते. वाहिनीला शेवटी मंत्रिमहोदयांची पत्रकार परिषद हवी होती, म्हणजे त्यात सगळा खुलासा होईल. मी नकार दिला. ती परिषद दुसऱ्या कुणीतरी लिहिली, टेलिफिल्म प्रसारित झाली आणि लोकांना ती आवडली, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. मला मात्र त्या दारातून पुन्हा बोलावणे आले नाही. दिग्दर्शक माझा जुना मित्र होता; तो समोर आला की आम्ही दोघेही रस्ता ओलांडायचो, आणि तो गेला तेव्हा ते तसेच राहून गेले. याची हळहळ मला अजून वाटते. नकाराची वाटत नाही. रखवालदार रात्री एकटा दिवा फिरवत बसलेला असताना त्याला मंत्री काय सांगणार होता? माझा खर्डा तरी कुणाला आठवतो, असे तू म्हणशील. म्हण. दीपगृहावरच्या माणसाला राजधानीतले कळत नाही, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

सांगणारा असला की स्पष्टीकरण मुळीच जड होत नाही, हेही ध्यानात ठेव, नाहीतर तू उद्या दुसऱ्या टोकाला जाशील आणि पात्रांना उगीच मुकी करून ठेवशील. जॉन क्रासिन्स्की यांच्या 2018 सालच्या ‘अ क्वाएट प्लेस’ या चित्रपटात, जिथे आवाज केला की मरण, बापाने त्या मारेकरी प्राण्यांविषयी तळघरातल्या फळ्यावर लिहिलेले असते: आंधळे आहेत, आवाजावर हल्ला करतात, कवच आहे, आसपास तीन असल्याची खात्री, कमजोरी कोणती? हा फळा म्हणजे स्पष्टीकरणच आहे. पण ते बापाने जीव मुठीत धरून गोळा केलेले आहे आणि त्याचा शेवटचा प्रश्न त्यालाही सुटलेला नाही, म्हणून ते वाचताना पोटात गोळा येतो. राक्षसी प्राण्याच्या हल्ल्यावरच्या ‘क्लोव्हरफील्ड’मध्ये, 2008 साली, हातातल्या कॅमेऱ्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसते. शेवटच्या जुन्या चित्रफितीत मागे समुद्रात काहीतरी पडते, पण आकाशपाळण्यात हसणाऱ्या जोडप्याचे तिकडे लक्षही नसते. ज्याला शोधायचे त्याने शोधावे.

आणि मोठ्या बजेटने हा प्रश्न सुटतो अशा भ्रमात राहू नकोस. ‘इंडिपेंडन्स डे’मध्ये, 1996 साली, एरिया 51 या अमेरिकी लष्करी तळावर 1947 पासून ठेवलेले परग्रहवासीयांचे यान आहे, त्यावर वर्षानुवर्षे काम करणारा शास्त्रज्ञ आहे, शत्रूचा संकेत ओळखणारा केबल कंपनीचा तंत्रज्ञ आहे, तरीही लॅपटॉपवरून सोडलेल्या व्हायरसवर लोक आजतागायत हसतात. हसत हसत पुन्हा पाहतातही, पण तो विषय आज नको.

आता तुझ्या खर्ड्याकडे ये. वाहक बाईला काय काय कळू शकते याची यादी कर, हात जोडून सांगतो, आधी ती यादी कर. तिच्याकडे मोबाइल आहे आणि घाटात रेंज येते-जाते. आगारातल्या वाहतूक नियंत्रकाचा एखादा तुटक फोन येऊ शकतो, आणि तोही घाबरलेला असेल. चालकाला वाटेवरच्या ढाब्यावर काहीतरी ऐकू आलेले असेल. मागच्या बाकावरचा पोरगा आलेले सगळे व्हिडिओ खरे मानून मोठ्याने वाचून दाखवेल, त्यातला एखादा निघेलही खरा. या चौघांकडून प्रेक्षकाला जितके मिळेल तितके दे, चुकीच्या अफवांसकट दे. बसमध्ये खगोलशास्त्रज्ञ नाही. त्याला पुढच्या थांब्यावर उतरव, आठही पानांसकट.

आणि तुझ्या चौघा वाचकांपैकी एकानेही जे पाहिले नाही ते सांगतो. बाराव्या पानावर ती याने हेडलाइटच्या उजेडाकडे वळतात, म्हणून चालक दिवे मालवतो आणि सगळी बस अंधारात श्वास रोखून बसते. तुझ्या पटकथेतले ते सर्वांत चांगले पान आहे. चाळिसाव्या पानावर म्हातारबाबा मोबाइलचा टॉर्च लावून चप्पल शोधतात आणि काहीच घडत नाही. ‘ते आले कशाला?’ हा प्रश्न माझ्या मते तिथेच जन्मतो. एकतर त्या टॉर्चची किंमत कुणाला तरी मोजायला लाव, नाहीतर म्हाताऱ्याला चप्पल अंधारात चाचपू दे. मला विचारशील तर मी किंमत मोजायला लावीन, पण तो म्हातारा तुझा लाडका आहे हे पानोपानी दिसते, तेव्हा निर्णय तूच घे.

तिसरा खर्डा आधी मला पाठव. त्या चौघांना आत्ताच देऊ नकोस.

तुझा,
सर