घरच्या पोस्टवर संत्री कोण बदलणार?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, लग्नांचे मुहूर्त निघाले, की फौजी सुट्टीवर येतात आणि माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. जळगावला माझी समुपदेशनाची खोली आहे, पण माणसं चाळीसगाव, भडगाव, पारोळा, अमळनेर, पार धुळ्यापलीकडूनही येतात. कधी बायको, कधी आई, एखाद्या वेळी टोपी हातात धरून वडील. शब्द थोडे इकडेतिकडे, काळजी तीच: "ताई, सुट्टीवर आला की झोपत नाही. पोरांवर खेकसतो. रात्री बाटली काढून गच्चीवर बसतो. तिकडं बॉर्डरवर काय पाहिलं असेल त्यानं? डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला?"

त्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि तीन महिन्यांच्या भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

गाव गिरणाकाठचं. हुद्दा नायक, पण गावात लहानथोर त्याला 'मेजर'च म्हणायचे. वय ३३, नोकरी १३ वर्षं. सहा एकर कपाशी, आई-वडील, शेती बघणारा थोरला भाऊ, बायको, दोन मुलं. आधी बायको एकटी आली. तिच्या हातात तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती, रक्तदाब १५०/१००. डॉक्टरांनी गोळी दिली होती आणि 'टेन्शन घेऊ नका' म्हणून सांगितलं होतं. तो स्वतः यायला तयार नव्हता. त्याची भीती मला ठाऊक होती. फौजेत आरोग्याची श्रेणी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते आणि त्यातलं पहिलंच अक्षर, एस, मनाच्या प्रकृतीचं. तिथे शेरा पडला की बढती अडेल, नोकरी वाढणार नाही, असं प्रत्येक जवानाच्या मनात असतं. "इथलं तुमच्या युनिटला कळणार नाही," असा निरोप बायकोकडून पाठवला, तेव्हा तिसऱ्या खेपेला तो आला.

दाराजवळच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसला. फोन मांडीवर, त्यावर तळहात. मी सवयीप्रमाणे पोस्टिंगचं विचारलं, त्यानं सवयीप्रमाणे 'सब ठीक' सांगितलं. तेवढ्यात खिडकीखालून वरात चालली होती आणि तिथे सुतळी बॉम्ब फुटला. मी दचकले. त्याची पापणीही लवली नाही. मिनिटभरात मांडीवरचा फोन थरथरला, आणि त्याचा जबडा आवळला, मान ताठली, तळव्याला घाम फुटला. चाळीस मिनिटांत सात फोन आले आणि सातही वेळा हेच झालं.

तिथेच मी बॉर्डरचे प्रश्न बाजूला ठेवले. म्हटलं, "गेल्या वर्षातली सगळ्यात वाईट रात्र कोणती?"

मला वाटलं गोळीबाराचं काही सांगेल. तो म्हणाला, "पोस्टवर एका दगडापाशीच नेटवर्क यायचं, ताई. तिथं आबांचा फोन आला. भाऊबंदानं बांध कोरला, तू लगेच ये म्हणाले. पहाटे गस्तीला जायचं होतं. समोर बर्फ होता आणि मला रात्रभर बांध दिसत होता."

मग एकेक निघत गेलं. आबांचा, म्हणजे वडिलांचा, फोन बांधाचा. आईचा फोन सुनेबद्दल, बायकोचा सासूबद्दल. भावाचा ट्रॅक्टरच्या हप्त्याचा. मेव्हण्याला उसने दोन लाख हवेत. चुलतभावाला फौजी कॅन्टीनमधला फ्रिज. कोणीच वाईट नव्हतं. पण सगळ्यांचा नंबर एकच होता.

पुढच्या भेटीत मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. "तुमच्याकडे ड्यूटी रोस्टर असतं ना, तसं घराचं करा. काम कोणतं, ड्यूटी कोणाची." त्यानं पट्टी मागून घेतली, नीट रकाने आखले. बांध, हप्ता, आईचे गुडघे, मुलांची शाळा, मेव्हणा. प्रत्येक ओळीपुढे स्वतःचं नाव लिहीत गेला. सहाव्या ओळीवर पेन थांबलं.

मी विचारलं, "पहाऱ्यावरच्या संत्रीची ड्यूटी किती तासांची?"

"दोन तास. मग बदली."

"आणि या पोस्टवर?"

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. वरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. अशा वेळी समोरच्याला सावरायचा मोह होतो. इतक्या वर्षांत गप्प बसायला शिकले आहे, आणि त्या दिवशी गप्प बसले हे बरं झालं. मग तो म्हणाला, "तेरा वर्षं झाली. बदली आलीच नाही." कागदाची नीट चौपदरी घडी घालून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

त्या रात्री तो गाढ झोपला असं लिहिलं तर खोटं होईल. झोप यायला आणखी तीन आठवडे लागले आणि रक्तदाबाची गोळी अजून सुरू आहे. पण काय दुखतंय ते त्याला सापडलं होतं.

माझं मत स्पष्ट सांगते. लढाईतली दृश्यं मनात रुतून बसतात हे खरं आहे. रात्री किंचाळत उठणारे, तेच तेच डोळ्यांपुढे येणारे जवान मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले आहेत. पण 'बॉर्डरवर काय पाहिलं' एवढंच विचारत बसलो तर अर्धं दुखणं नजरेआड जातं. जवानांवरच्या ताणाबद्दल संरक्षण मंत्रालयानं संसदेत वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतही घरगुती अडचणी आणि पैशांची ओढाताण ही कारणं येतात. म्हणून मी अशा वेळी एकट्या माणसाला तपासत बसत नाही, अख्खं घर बोलावते. यावर सहकाऱ्यांशी वाद घातले आहेत आणि अजून हरलेले नाही.

हेही घर आलं. आबांशी बोलताना मात्र मीच एक गोष्ट नव्यानं शिकले. मी जरा कडक आवाजात म्हटलं, "बर्फात उभ्या पोराला बांधाचं कशाला सांगायचं?" आबा दुखावले. म्हणाले, "मना पोर्‍याले नही सांगू तं कोनले सांगू? त्याले काहीच सांगं नही, तं तो परका व्हई जाई."

मी गप्प झाले. वर्षातले दहा महिने दूर असलेल्या मुलाला घरात धरून ठेवायला आबांकडे एवढीच दोरी होती, घरचा त्रास. तक्रारीचा प्रत्येक फोन 'तू अजून आमचा आहेस' असं सांगत होता. 'त्याला काही कळवू नका' असं मी पूर्वी घरच्यांना सांगायची. आता सांगत नाही. लपवलेलं शेजारच्या पोराच्या व्हॉट्सअॅपवरून कळतंच, आणि मग पोस्टवर बसून माणूस त्याहून वाईट कल्पना करतो.

आम्ही रोस्टर नव्यानं लिहिलं. बांधाची ड्यूटी थोरल्या भावाची: भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज तोच करणार. सासू-सुनेचं भांडण फोनवर न्यायचं नाही, दोघींपैकी कोणीच. उसनवारीवर निर्णय फक्त सुट्टीत, नवरा-बायकोनं मिळून. आजारपण, अपघात, मरण मात्र तेव्हाच्या तेव्हा कळवायचं. बाकी जड विषय रविवारी, एकाच माणसाच्या तोंडून. तो माणूस म्हणून सगळ्यांनी बायकोचं नाव घेतलं, आईनंसुद्धा. इतर दिवशी फोनवर बोलायचं ते गाय व्याली, मुलाचा दात पडला, शेवभाजी केली होती, असलं.

कोर्टकचेरीची भीती असते त्यांनी लक्षात ठेवा. १९२५ चा भारतीय सैनिक दावे कायदा आजही लागू आहे. जवान विशेष किंवा युद्धाच्या परिस्थितीत सेवेत असेल, तर त्याच्या गैरहजेरीत दिवाणी किंवा महसुली दावा पुढे रेटला जाऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. त्यानं आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत अर्ज करावा, घरच्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. हे कार्यालय फक्त निवृत्तांचं असं समजून लोक तिथे जातच नाहीत.

सुट्टीबद्दलही सांगते. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. त्यातही प्रवास, लग्नं, मयती. येऊन बॅग उतरवली नाही तोच कोणी सातबारा पुढे करू नका. पहिले चार-पाच दिवस फक्त जेवण आणि झोप. आणि फौजीभाऊंनो, तुमच्या माघारी बायकोनं घर चालवलंय. मुलाची शिकवणी, गॅस, दवाखाना, सगळं तिनं बसवलेलं असतं. येताच हुकूम सुटले की ती तुटते, मग चिडते, आणि तुम्हाला वाटतं आपली किंमत राहिली नाही. पहिल्या आठवड्यात विचारा, बदल नंतर सुचवा. कॅन्टीनच्या बाटलीनं झोप लागते असं वाटतं, पण दारूची झोप पहाटे तीनला मोडते आणि रक्तदाब वाढतो तो वेगळाच.

श्रेणीच्या भीतीपोटी दुखणं दाबू नका. तात्पुरती खाली आलेली श्रेणी ठरलेल्या मुदतीनं पुन्हा तपासतात, ती वरही जाते. युनिटच्या डॉक्टरांशी बोलणं जड वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास सुरू असतो, मोफत, मराठीतही. डिसेंबर २०२३ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. आणि तो निरवानिरव करायला लागला, 'माझ्यानंतर' असं बोलायला लागला, तर रविवारची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तो ड्यूटीवर असेल तर लगेच युनिटला कळवा.

सुट्टी संपली तसा तो जळगावहून झेलम एक्स्प्रेसनं गेला. पावसाळ्यात, कानबाईच्या उत्सवाच्या आठवड्यात, त्याची बायको येऊन गेली. बांधाचा वाद मिटलेला नाही, मोजणीची तारीख दोनदा पुढे गेली. रोस्टरचा कागद देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय आणि भावानं एका ओळीत स्वतःहून नाव वाढवलंय. आबा अजून रोज फोन करतात. आधी "जेवना का रे?" विचारतात, मग गिरणेला पाणी किती आलं ते सांगत बसतात.