रात्री नऊची कॉफी

"मॅडम, मला ॲन्झायटी झालीये का?" खुर्चीत टेकल्या टेकल्या त्याने विचारलं. वय २६, मराठवाड्यातून पुण्यात आलेला, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलं की छातीत धडधड, तळहात ओले. एकच परिच्छेद चार-चारदा वाचायचा, तरी डोक्यात काही शिरत नाही. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक.

माझ्याकडे समुपदेशनाला हाच प्रश्न घेऊन दर परीक्षेआधी कुणी ना कुणी येतं. त्यामुळे मी पहिल्याच भेटीत विचारते, दिवसभरात काय काय पितोस?

"चहा दोन-तीनदा. कॉफी थोडी."

आठवडाभर वेळेसकट लिहून आण म्हटलं. वेळापत्रकाच्याच वहीचं मागचं पान घेऊन आला. सकाळी साडेसहाला उपाशीपोटी चहा. दहाला टपरीवर कटिंग. जेवणानंतर कटिंग, चारला कटिंग, सहाला कटिंग. रात्री नऊला कॉफी, पुढे कंसात '२ पुड्या'. साडेअकराला पुन्हा तेच, '२ पुड्या'. झोपायला दीड-दोन, उठायला सहा. 'दोन-तीनदा' म्हणणारा मुलगा खोटं बोलत नव्हता. कटिंग कुणी मोजतच नाही.

आपण जागे असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच डोळे जड होतात. कॅफिन नेमकं त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून झोप आल्याचं कळत नाही. थकवा मात्र तसाच साठलेला असतो. शिवाय अंगातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. त्याच पानावर आम्ही हिशोब मांडला. नऊच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दोनला अंगात, साडेअकराच्या कॉफीतलं पहाटे साडेचारला.

तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी झोपतच नाहीये."

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं, असं मानतात. इन्स्टंट कॉफीच्या कपात साधारण ६०, चहाच्या भरलेल्या कपात ४०-५० मिलिग्रॅम धरा. दोन पुड्यांची कॉफी दुप्पट धरूनही हा त्या मर्यादेच्या आतच होता. म्हणून फक्त कप मोजून भागत नाही, घड्याळही बघावं लागतं. त्यात कॅफिनने ॲड्रेनलिन वाढतं. अर्धवट झोपलेल्या शरीरात ते वाढलं की छाती धडधडते आणि परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाला वाटतं, आपण घाबरलोय.

"मग चहाच बरा ना? तो मन शांत करतो म्हणतात." त्यात तथ्य आहे. चहात थियानिन नावाचं द्रव्य असतं. जपानमध्ये १९४९ साली ते हिरव्या चहात सापडलं. कॅफिनबरोबर दिल्यावर लक्ष थोडं चांगलं टिकतं, असं काही प्रयोगांत दिसलंय. पण तिथे बहुधा १००-२०० मिलिग्रॅम देतात, आपल्या कटिंगमध्ये त्या मानाने फारच थोडं. मला विचाराल तर टपरीवरची निम्मी शांती पुस्तकापासून उठून मित्रांबरोबर दहा मिनिटं उभं राहण्यात आहे. तेवढ्यासाठी चहा बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही.

त्याने मात्र उत्साहाच्या भरात सगळंच एकदम बंद केलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, डोकं फुटायची वेळ आलीये. रोजचं कॅफिन अचानक तोडलं की असं होतं. हा त्रास दोन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत राहू शकतो. मग रीतसर ठरवलं. आधी साडेअकराची कॉफी बंद. चार दिवसांनी नऊची एक पुडी कमी, आणखी चार दिवसांनी दुसरी. सकाळचा चहा काहीतरी खाऊन. दुपारी तीननंतर टपरीवर जायचं, पण चहा मित्रांनी घ्यायचा.

तीन आठवड्यांनी तो साडेअकराला झोपायला लागला होता. परिच्छेद एकदा-दोनदा वाचून कळत होता. अभ्यासिकेतली धडधड जवळपास थांबली.

रविवारी घरी फोन लावायच्या आधीची धडधड तशीच आहे. भावाने यंदा शेतावर कर्ज काढून पैसे पाठवलेत, हे त्याने मला परवा पहिल्यांदा सांगितलं. पुढच्या मंगळवारी आम्ही त्यावर बसणार आहोत.