कडब्यावर सेन्सर धरण्याआधी

परभणी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. हातात मावणाऱ्या अवरक्त सेन्सरनं गोठ्यात उभं राहून कडब्यातली प्रथिनं मोजायची, विषय चांगलाच आहे. २०१९ च्या दुष्काळात बीडकडच्या छावण्यांत ट्रक भरभरून चारा यायचा. त्याचं वजन व्हायचं, पण आत जनावराच्या अंगी लागण्यासारखं काय आहे, हे कोण मोजणार? पण तू मशीन लर्निंगवर पानंच्या पानं लिहिलीस आणि नमुना कसा घेणार यावर दोन ओळी. ते आधी उलट कर.

यंत्राला प्रथिनं दिसत नाहीत. त्याला परत आलेला उजेड दिसतो. त्या उजेडाचा प्रथिनांशी मेळ घालायला आधी काही नमुन्यांचे खरे आकडे हवेत, आणि ते केल्डाल पद्धतीनं प्रयोगशाळेतच काढावे लागतात. अमेरिकेत कार्ल नॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली चाऱ्यावर हे करून दाखवलं, त्यांनाही प्रयोगशाळेचे आकडे लागलेच होते. म्हणून सुरुवातीचे दिवस केल्डालला दे. एकाच पुडीचे नमुने वेगवेगळे क्रमांक टाकून तपास आणि आकडा किती हलतो ते बघ. तुझं मॉडेल त्याहून शहाणं होणार नाही.

केल्डालही मोजतं नायट्रोजन. त्याला आपण ६.२५ नं गुणतो आणि प्रथिनं म्हणतो. एखाद्यानं शंभर किलो कडब्याला चार किलो युरियाची प्रक्रिया केली असेल, तर तुझ्या कागदावर तो कडबा एकदम भारी दिसेल. हे यंत्र सांगणार नाही, गोठ्यातल्या बाईला विचारावं लागेल. तिला बरंच काही ठाऊक असतं. गंजीतली कोणती पेंढी पावसात भिजली, कोणत्या पेंढीला म्हैस तोंड लावत नाही, हे नमुन्याच्या पिशवीवर लिहून ठेव.

आता यंत्राचं. हातातली बरीच यंत्रं ९०० ते १७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेडच बघतात. प्रथिनांच्या ठळक खुणा २०५० ते २१८० च्या आसपास असतात, म्हणजे त्या तुझ्या यंत्राच्या नजरेबाहेर. उरते १५०० जवळची पुसट खूण, आणि तिला खेटूनच १४५० ला पाण्याचा मोठा पट्टा. एप्रिलमधला खडखडीत कडबा आणि जुलैतला सादळलेला कडबा यांतला फरक यंत्र प्रथिनांचा म्हणून खपवेल. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा ओलावा वेगळा मोज. शिवाय पाल्यात प्रथिनं जास्त, धाटात कमी. सेन्सर पाल्यावर धरलास की आकडा वर, धाटावर धरलास की खाली. पेंढीची कुट्टी कर, नीट मिसळ, मगच वाच.

आणि एका नमुन्याची पाच वाचनं घेऊन तीन मॉडेलला शिकवायला, दोन ते तपासायला, असं चुकूनही करू नकोस. तशी परीक्षा कुणीही पास होतं. काही गावं पूर्ण बाजूला ठेव. जमलं तर एक हंगामही. देवणीकडच्या कडब्यावर शिकलेलं मॉडेल कंधारला चाललं तरच ते चाललं म्हण.

एवढं सगळं केलंस तरी एक अडचण उरतेच, आणि तुझ्या गाईडनं ती काढली नाही याचं मला नवल वाटलं. ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं साधारण तीन-चार टक्के. कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांचं काम नीट चालायला सुमारे सात लागतात. म्हणजे मालदांडीचा असो की हायब्रीडचा, कडबा बहुतेक वेळा कमीच पडणार आणि वरून पेंड द्यावीच लागणार. तुझ्या यंत्रानं ३.२ सांगितलं काय किंवा ३.८ सांगितलं काय, लाल कंधारी गाईच्या पुढ्यात पडणारं त्यानं फारसं बदलत नाही. शिवाय नमुन्यानमुन्यांतला फरकच इतका थोडा की तो हातातल्या यंत्राच्या चुकीत बुडून जाईल.

माझं मत विचारशील तर कडबा ठेव, पण मुख्य काम सरकी पेंडीवर कर. ती विकत घ्यावी लागते, पोत्यापोत्याला दर्जा बदलतो, प्रथिनांचा पल्ला मोठा असतो आणि भेसळीची शंका कायम असते. तिथला आकडा बघून शेतकरी पोतं परत करू शकतो, किंवा खुराक कमी-जास्त करू शकतो. दुकानदार नमुना द्यायला कुरकुर करतील. शेतकऱ्यानं विकत घेतलेल्या पोत्यातून घे. मॉडेल साधंच पुरेल, पीएलएसनं, म्हणजे उजेडाच्या अनेक आकड्यांवरून एक आकडा काढणाऱ्या साध्या सांख्यिकी पद्धतीनं, सुरुवात कर. न्यूरल नेटवर्क लागलंच तर पुढे बघू.

फेब्रुवारी-मार्चात मालदांडी निघेल. त्याआधी गाईडशी पेंडीचं बोलून घे, आणि बाजूला ठेवायच्या गावांची यादी मला पाठव. कंधार तालुक्यातली दोन-चार माणसं मी सुचवेन, त्यांच्याकडे गुरं आहेत आणि बोलायला वेळही.

तुझा,
सर