व्हेनिसमध्ये खोली ठरवण्याआधी पूल मोजावेत

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त म्युनिकला असते. येत्या दिवाळीनंतर मी, माझे यजमान आणि 68 वर्षांच्या सासूबाई तिच्याकडे जाणार आहोत आणि तेथून सर्वांनी मिळून व्हेनिसमध्ये चार रात्री राहावे, असा बेत आहे. सासूबाई सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालतात, पण गुडघेदुखीमुळे पायऱ्या त्यांना जड जातात. सान मार्को चौकाजवळ राहिले म्हणजे सगळे हाताशी येईल, असे मुलीचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सासूबाईंच्या गुडघ्यांचा उल्लेख आपण आवर्जून केलात हे फार बरे झाले, कारण व्हेनिसमध्ये राहण्याची जागा ठरवताना हीच गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते. युरोपातील इतर जुन्या शहरांत मुख्य चौकापासूनचे अंतर पाहिले की बहुतेक काम भागते. व्हेनिसचे तसे नाही. मोटारींचा रस्ता पियात्साले रोमा येथे संपतो आणि त्यापुढे जुन्या शहरात रिक्षा नाही, टॅक्सी नाही, सायकलसुद्धा चालवता येत नाही. शंभराहून अधिक छोटी बेटे चारशेहून अधिक पुलांनी जोडून हे शहर उभे राहिले आहे, आणि खालून होड्या जाव्यात म्हणून हे पूल कमानीसारखे उंच असल्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. नकाशावर पाच मिनिटांचे दिसणारे अंतर वाटेत तीन पूल आले तर गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तीनदा जिना चढण्याचे आणि तीनदा उतरण्याचे होते. याउलट बोटीने वीस मिनिटे लागणाऱ्या ठिकाणी एकही पायरी न चढता पोहोचता येऊ शकते. म्हणून बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत, हे घरमालकाला किंवा हॉटेलला आधी विचारावे. चौक किती दूर आहे, हा प्रश्न नंतरचा.

आम्ही पहिल्या खेपेस अंतर पाहूनच खोली घेतली होती. चाकांच्या बॅगा प्रत्येक पुलावर उचलून न्याव्या लागल्या आणि दारापर्यंत पोहोचेतो माझ्या आईला बसून राहण्याखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. त्या दिवशी तिने शहर पाहिलेच नाही, याची रुखरुख मला अजून वाटते.

आता प्रत्यक्ष ठिकाणांविषयी. जुने शहर सहा विभागांत वाटलेले आहे : सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेजो, दोर्सोदूरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. आपल्यासाठी मी दोर्सोदूरोमधील आकादेमिया आणि झाट्टेरे यांच्या मधला भाग सुचवेन. आकादेमिया हा ग्रँड कॅनॉलवरील बोटीचा थांबा आहे आणि तेथून रिओ तेरा फोस्कारिनी हा रुंद रस्ता थेट झाट्टेरेच्या काठापर्यंत जातो. रिओ तेरा म्हणजे बुजवलेला कालवा. पत्त्यात हे दोन शब्द दिसले की ती वाट बहुधा सपाट आणि रुंद असणार, असे समजायला हरकत नाही. या वाटेवर एकही पूल नाही. झाट्टेरे हा दक्षिणेकडे तोंड असलेला मोकळा काठ आहे आणि हिवाळ्यात ऊन खात बसण्यासाठी याहून चांगली जागा त्या शहरात मला माहीत नाही. ऑक्टोबरअखेरीस होणाऱ्या मॅरेथॉनसाठी या काठावरील पुलांवर उतरते लाकडी मार्ग टाकतात आणि ते शर्यतीनंतरही काही काळ तसेच ठेवले जातात. आपण जाणार त्या दिवसांत त्यांचा सासूबाईंना चांगला उपयोग होईल. मात्र याच विभागातील सांता मार्गेरिता चौकाला लागून खोली घेऊ नये. तेथे विद्यार्थ्यांची वर्दळ रात्री उशिरापर्यंत असते.

दुसरा पर्याय कान्नारेजोमधील का दोरो थांब्याजवळचा आहे. थांब्यावरून एका लहान गल्लीतून स्त्रादा नोव्हा या प्रशस्त रस्त्यावर येता येते आणि भाजी, दूध, औषधे अशी रोजची दुकाने तेथे हाताशी मिळतात. स्टेशनबाहेरील लिस्ता दि स्पान्या हा रस्ताही पूल न ओलांडता गाठता येतो, परंतु तो प्रवाशांच्या गर्दीचा आहे. एका रात्रीसाठी ठीक, चार रात्रींसाठी नव्हे.

सान मार्कोजवळ राहू नये, असे मी म्हणण्यामागे भाड्याइतकेच पाण्याचेही कारण आहे. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरती आणि दक्षिणेकडचे वारे एकत्र आले की व्हेनिसभोवतीच्या खाजणात पाणी चढते. त्याला तेथील लोक अक्वा आल्ता म्हणतात. 12 नोव्हेंबर 2019 रोजी पाणी ठरलेल्या समुद्रपातळीच्या वर (रस्त्याच्या वर नव्हे) 187 सेंटिमीटरपर्यंत चढले होते, म्हणजे 1966 च्या 194 सेंटिमीटरच्या महापुरानंतरची ती सर्वांत मोठी पातळी होती. 2020 पासून खाजणाच्या तिन्ही मुखांवर मोझे हे हलते दरवाजे उचलले जाऊ लागल्यामुळे मोठ्या पुराची भीती पुष्कळ कमी झाली आहे. पण ते सर्वसाधारणपणे 110 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरतीचा अंदाज असेल तेव्हा उचलतात आणि सान मार्को चौक शहराच्या सर्वांत सखल भागांपैकी असल्याने त्याहून कमी पाण्यातही ओला होतो. त्यामुळे खोली कोणत्याही विभागात घेतलीत तरी तळमजल्यावरची नको. वरच्या मजल्यावरची घ्यायची तर लिफ्ट आहे का, हे लेखी विचारून घ्यावे, कारण जुन्या इमारतींत ती बहुधा नसते, आणि पूल टाळून तीन जिने चढावे लागले तर सगळी खटपट वाया जाईल.

पत्त्याबाबतही सावध राहावे. व्हेनिसमध्ये घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण विभागासाठी सलग दिलेले असतात आणि कास्तेल्लोमध्ये ते साडेसहा हजारांच्या पुढे जातात. केवळ विभाग आणि क्रमांक एवढ्यावर घर सापडत नाही, म्हणून गल्लीचे नाव व जवळच्या थांब्याचे नाव दोन्ही मागून घ्यावे. स्वयंपाकघर असलेले घर घेणार असाल, तर जाहिरातीत राष्ट्रीय नोंदणी क्रमांक दिला आहे ना, हे पाहावे; 2025 पासून इटलीत तो बंधनकारक आहे. सासूबाईंना रात्री वरणभात मिळेल, या दृष्टीने चार रात्रींसाठी घर हॉटेलपेक्षा मला अधिक सोयीचे वाटते.

बोटीचे सुटे तिकीट महाग आहे. 2024 मध्ये 75 मिनिटांच्या तिकिटाला साडेनऊ युरो आणि 72 तासांच्या पासाला 45 युरो पडत होते, तेव्हा घेताना पासच घ्यावा. एक क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलवरील बहुतेक थांबे घेत सान मार्कोपर्यंत जाते. त्या बोटीत बसून जाणे हेच सासूबाईंसाठी शहर पाहण्याचे सर्वांत सुखाचे साधन आहे.

प्रश्न : आम्ही दोघे तिशीतले आहोत. व्हेनिसपेक्षा मेस्त्रेमधील हॉटेल निम्म्या भाड्यात मिळत आहे. दोन रात्रींसाठी तेथे राहावे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : पैशांची ओढाताण असेल तर अवश्य राहावे, त्यात कमीपणा मुळीच नाही. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरील आधुनिक शहर आहे आणि तेथून जुन्या शहरातील सांता लुचिया स्टेशनवर रेल्वेने दहा-बारा मिनिटांत पोहोचता येते. हॉटेल मात्र मेस्त्रे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. दिवसभरापुरते आलेले प्रवासी परतल्यानंतरची संध्याकाळ आणि ते येण्याआधीची पहाट, हे व्हेनिसचे खरे सुख आहे, आणि मेस्त्रेला राहिल्यास त्यातला बराचसा भाग हातचा जातो. म्हणून शक्य असल्यास दोन्ही नव्हे, तरी एक रात्र जुन्या शहरात काढावी. आपणास पुलांची अडचण नसल्याने कास्तेल्लोच्या पूर्व भागात, व्हिया गारिबाल्दीच्या आसपास शोधावे. हाही बुजवलेला कालवाच आहे. तेथे अजून स्थानिक लोकांची वस्ती आहे आणि भाडेही चौकाजवळच्यापेक्षा कमी असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 2024 पासून ठरावीक गर्दीच्या दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेच्या हद्दीतच असल्यामुळे तेथे मुक्काम करणाऱ्यांना ते द्यावे लागत नाही, परंतु सवलतीसाठी महापालिकेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळणारा क्यूआर कोड निघण्याआधी जवळ असावा लागतो.