वाचकांचे प्रश्न : बांबूचा कुर्ता आणि जळालेला धागा

प्रश्न : राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी 'शंभर टक्के बांबू, पर्यावरणस्नेही' अशी चिठ्ठी लावलेला कुर्ता घेतला. घरी आल्यावर शिवणीतला एक धागा काढून पेटवला, तेव्हा जळक्या कागदासारखा वास आला आणि चिमटीत चुरताच भुरभुरीत राख झाली. म्हणजे दुकानदार खरे बोलला, असे मी धरून चाललो. मुलगा मात्र म्हणतो की बांबू काय आणि कापूस काय, दोन्ही निसर्गाला महागच पडतात. झाडापासून निघालेल्या कापडाने निसर्गाचे नुकसान कसे होईल?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपली परीक्षा योग्य होती, निष्कर्ष मात्र घाईचा झाला. कागदाचा वास आणि भुरभुरीत राख यांवरून एवढेच ठरते की धागा सेल्युलोजचा, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंतल्या मूळ द्रव्याचा आहे, पॉलिएस्टरचा नाही. पॉलिएस्टर असते तर टोकाला वितळून कडक मणी झाला असता. कापूस आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला धागा) ही दोन्ही सेल्युलोजच, त्यामुळे ती जळतातही सारखीच. त्यापेक्षा दुसरा एक धागा पाण्यात भिजवून ताणून पाहा. सुती धागा ओला झाला की अधिक चिवट होतो, व्हिस्कोसचा ओला धागा मात्र लवकर तुटतो. आणि बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ, झुळझुळीत कापड बहुतेक वेळा व्हिस्कोसच असते.

व्हिस्कोस करताना बांबूचा किंवा अन्य लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, कार्बन डायसल्फाइडच्या साहाय्याने त्याचा मधासारखा दाट द्रव बनवतात आणि तो द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडून त्याचा धागा घडवतात. कार्बन डायसल्फाइडची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक असते, आणि सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली नाही तर त्याचा भार जवळच्या नदीवर पडतो. बांबूला खत आणि पाणी कमी लागते हे खरेच आहे, पण ते शेतातले पुण्य कारखान्यात खर्ची पडते. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये काही विक्रेत्यांवर कारवाई केली ती याच कारणासाठी : अशा कापडाला नुसते 'बांबू' न म्हणता 'बांबूपासून बनवलेले रेयॉन' (व्हिस्कोस हा रेयॉनचाच प्रकार) म्हणावे, असे त्यांचे म्हणणे होते. लायोसेल या लगद्यापासूनच बनणाऱ्या दुसऱ्या धाग्यात वेगळे द्रावक वापरतात आणि ते जवळजवळ सगळे परत मिळवून पुन्हा वापरतात, म्हणून तो व्हिस्कोसपेक्षा बरा.

आता कापूस. एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी सुमारे 10,000 लिटर पाणी लागते, हा आकडा चिरंजीवांनी ऐकला असावा. मात्र त्यात शेतावर पडलेला पाऊसही धरलेला असतो. झाबुआच्या उतारावरचा, निव्वळ पावसावर पोसलेला कापूस आणि निमाडात मे महिन्यातच विहिरीच्या पाण्यावर लावलेला कापूस यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे. नद्यांचे पाणी वळवून कापूस पिकवण्याची परिसीमा मध्य आशियात झाली : 1960 नंतर आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी प्रामुख्याने कापसाकडे गेले आणि अरल समुद्र आटत गेला. पाण्याखेरीज फवारणीचा प्रश्न उरतोच, कारण बोंडअळीला मारक जनुक घातलेले बीटी वाण आले तरी गुलाबी बोंडअळीने त्याला दाद देणे सोडले आहे.

आपल्या गावाची एक आठवण इथे अस्थानी ठरू नये. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उरलेली वाळकी झाडे, शेतातच जाळण्याची सवय जुनी आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात 1924 पासून कापूस संशोधनाचे केंद्र चालवले, तेव्हा ते या पऱ्हाट्या शेतरस्त्यांवर पसरवत आणि ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला की त्यात शेण व पालापाचोळा मिसळून खत करत. जगभर कंपोस्टची 'इंदूर पद्धत' म्हणतात ती हीच.

रंगाई आणि धुलाईचे सांडपाणी मात्र धागा कोणताही असो, चुकत नाही. कापड जितकी वर्षे अंगावर टिकेल, तितका तो भार विभागला जातो. तेव्हा कुर्ता परत करू नका. थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, पिळू नका आणि सावलीत आडवा पसरून वाळवा, कारण ओला असतानाच तो सर्वांत दुबळा असतो.